पळसाच्या पानातला वाटा

रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, सुरू झाली की लुर्दम्मा चांगली असते. गाणी म्हणते, वाचन ऐकते, पोरगी मागे वळून बघायला लागली की तिची मान धरून पुढे करते. पण फादर वेदीवर भाकर उचलून धरतात आणि लोक ती घ्यायच्या रांगेसाठी उठायला लागतात, तिथून तिचं बिनसतं. मग ती चपलेचा पट्टा काढून पुन्हा लावते, पर्स उघडते, बंद करून ठेवलेला मोबाईल काढून बघते. एकदा तर ती पोरीच्या डोक्यातल्या उवा बघायला लागली होती. नऊ वर्षं हे असं चाललं होतं आणि अख्ख्या चर्चला ते माहीत होतं. जिथे सगळी मिळून साठ-पासष्ट माणसं येतात, तिथे रांगेत कोण नाही हे देवाच्या आधी शेजारणीला कळतं.

गावात मात्र तिला लुर्दम्मा कोणी म्हणत नाही. सिस्टर म्हणतात. अहेरीपासून अठरा किलोमीटरवर, नाल्यापलीकडच्या गावात सरकारी उपकेंद्र आहे, तिथली ती नर्स. सासरासुद्धा तिला सिस्टरच म्हणतो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. तिचे वडील गोदावरीपलीकडून बल्लारपूरला कोळशाच्या खाणीत आले. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, त्यामुळे ती चिडली की तिन्ही भाषा एकदम बाहेर पडतात. आईनं लुर्दमातेला नवस केला होता म्हणून हे नाव, घरात नुसतं लुर्दू. नऊ वर्षांची असताना आईनं शिवलेला पांढरा फ्रॉक घालून तिनं पहिली कम्युनियन, म्हणजे वेदीवरची ती भाकर, घेतली. वर्ग घेणाऱ्या मठातल्या सिस्टरनं आधी बजावून सांगितलं होतं की ही येशूची नुसती आठवण नाही, वाटलेला प्रसादही नाही; हा तो स्वतः आहे, आणि तो तुझ्यात येतो. लुर्दूनं त्या दिवशी ते खरं मानलं. पुढे आयुष्यात तिनं बऱ्याच गोष्टींवरचा विश्वास काढून घेतला, सरकारी पत्रांवरचा तर सगळ्यात आधी. पण यावरचा नाही.

तेविसाव्या वर्षी तिची नेमणूक या गावात झाली. पावसाळ्यात नाला भरला की लशींचा डबा डोक्यावर घेऊन तिला डोंग्यातून पलीकडे जावं लागायचं, आणि झाडाच्या खोडातून कोरलेला तो डोंगा वल्हवायला इसरू असायचा. इसरू गोंड, वनखात्यात रोजंदारीवर. उन्हाळ्यात आग पसरू नये म्हणून जाळरेषा साफ करायची, वणवा लागला की विझवायला पळायचं. बोलणं कमी. पहिला सबंध पावसाळा त्यानं तिला फक्त 'बसा' आणि 'उतरा' एवढंच सांगितलं. दुसऱ्या पावसाळ्यात तो 'बस' आणि 'उतर' म्हणायला लागला, आणि तिसऱ्या पावसाळ्याच्या आत त्यांचं लग्न झालं.

गडचिरोलीला जाऊन सह्या केल्या आणि गावात इसरूच्या बापानं, वारलूनं, आपल्या रीतीनं लग्न लावलं. वारलू गावचा भुमक, म्हणजे देवाचं सगळं त्याच्या हातात. लुर्दूची आई आली नाही. वडील आले, उभ्या उभ्या जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

पुढच्याच रविवारी अहेरीच्या चर्चमध्ये फादर कुरियाकोसनी तिला बाजूला घेतलं. फादर केरळचे, पण पंधरा वर्षं इथे राहून त्यांची मराठी अहेरीच्या आठवडी बाजारासारखी झाली होती, त्यात सगळं मिळायचं. त्यांनी रागावून काही सांगितलं नाही, पण जे सांगितलं ते स्पष्ट होतं. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायला बिशपांची परवानगी लागते आणि लग्न चर्चच्या रीतीनं लागावं लागतं. तिनं दोन्ही केलं नव्हतं. तोवर चर्चच्या हिशेबी हे लग्न लागलेलं नाही, आणि लग्न लागलेलं नसताना बायको म्हणून नांदणाऱ्यानं कम्युनियन घ्यायची नाही. इसरूला धर्म बदलायला कोणी सांगत नव्हतं. चर्चमध्ये दोघांनी एकदा उभं राहावं, एवढंच.

लुर्दूनं घरी येऊन इसरूला विचारलं. कम्युनियनचं सांगितलंच नाही, नुसतं म्हणाली की चर्चमध्येही एकदा उभं राहू. इसरू कोयत्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"लगीन तं झालं न. माझ्या बापानं लावलं. आता दुसऱ्यांदा लावाचं म्हणजे पयलं खोटं होतं का?"

फादरांनी जे सांगितलं होतं ते या माणसाच्या तोंडावर सांगायची तिची हिंमत नव्हती. तो विषय तिनं मिटवला. म्हणजे तिला तसं वाटलं. पुढे त्यानं एकदा विचारलं की ते सगळे उठून खातात, तू काऊन नाई खात? तर ती म्हणाली, मले आता चालत नाई. इसरूनं मान डोलावली. चालत नाही म्हटलं की त्याच्या गावात पुढे विचारत नाहीत.

त्याच्या घरीही तिची तीच गत होती. घरच्या देवाचं असलं की कापलेल्या बकऱ्याचा वाटा देवाच्या माणसांनीच खायचा, अशी वारलूच्या घरची रीत. लुर्दू त्या देवात जन्मली नव्हती की कोणी तिला रीतीनं त्या देवात घेतलंही नव्हतं. त्या दिवशी ती बाहेर चिंचेखाली बसायची आणि तिची स्वतःची पोरगी, प्रिया, आजोबाच्या मांडीला मांडी लावून आत जेवायची. कोणी तिला टाकून बोलायचं नाही. वेगळं कोंबडं शिजवून द्यायचे, चांगलं तिखट. पण एका देवाच्या दारात लग्नानं अडवलं आणि दुसऱ्याच्या दारात जन्मानं, हे तिच्या मनात सारखं फिरत राहायचं. मग ती उगाच उठून उपकेंद्राची कपाटं आवरायची.

यंदाच्या ईस्टरला मोहफुलं जोरात पडत होती. सकाळी अंधार फिटायच्या आत सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात. लुर्दूनं ईस्टरची साडी इस्त्री करून ठेवली होती आणि पहाटेच गावातली कलाबाई आपल्या सुनेला घेऊन उपकेंद्रात आली. पहिलटकरीण, कळा सुरू. लुर्दूनं साडीकडे एकदा बघितलं आणि हातमोजे चढवले. प्रियाला चर्चमध्ये लहान मुलांच्या गाण्यात उभं राहायचं होतं, तिनं आदल्या दिवशीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. मग इसरूच तिला मोटरसायकलवर बसवून घेऊन गेला.

तो प्रियाला घेऊन परत आला तेव्हा दुपार झाली होती. बाळंतपण नीट पार पडलं होतं, बाळ-बाळंतीण आत निजली होती आणि लुर्दू पायरीवर बसून चहा पीत होती. इसरूनं शर्टाच्या खिशातून पळसाच्या पानाची एक छोटी पुडी काढली, काट्यानं टाचलेली, आणि तिच्या हातावर ठेवली.

"तुझा वाटा," तो म्हणाला.

तिनं काटा काढला. आत ती पांढरी, गोल, नाण्याएवढी भाकर होती.

झालं होतं असं. सणाची गर्दी म्हणून बाहेरगावचे एक फादर मदतीला आले होते, ते इसरूला ओळखत नव्हते. प्रियाला मुलांच्या रांगेपाशी सोडून इसरू मागे वळला तो बरोबर कम्युनियनच्या रांगेत सापडला. बाजूला व्हावं असं त्याला आधी वाटलं, मग त्याला वाटलं, ही तर तिची जागा. त्याच्या गावात बाळंतिणीला, सुतक असलेल्याला देवापुढे बसता येत नाही, पण त्यांचा वाटा कधी बुडत नाही. कोणीतरी पानात बांधून घरी नेऊन देतं. लुर्दूला चालत नाही म्हणजे रांगेत चालत नसेल, घरी पोचलेलं चालत असेल. नऊ वर्षं हिचा वाटा कोणी नेऊन दिला नाही, याची त्याला त्या क्षणी लाज वाटली. पुढच्याचं बघून त्यानं हात पुढे केले, मूठ मिटली, आणि चर्चच्या अंगणातल्या पळसाचं पान तोडलं.

लुर्दू ताडकन उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटलं आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि हातात ती भाकर असल्यामुळे दोन्ही करता येईना. नऊ वर्षं जिच्यासाठी जीव तळमळत होता ती तिच्या तळहातावर होती. इसरूशिवाय तिथे कोणी नव्हतं. तोंडात टाकली असती तर कोणाला कळलं नसतं, ज्याला कळायला नको होतं तो वरचा एक सोडून. तिनं पुडी पुन्हा मिटली. आत जाऊन स्टीलचा डबा उकळत्या पाण्यानं धुतला, पुसला, पांढरा रुमाल अंथरला, पुडी त्यात ठेवली. मग मुंग्यांची आठवण झाली, म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवला. मग बाळंतिणीचा रक्तदाब बघितला, पुन्हा येऊन डबा बघितला. इसरू दारात उभा राहून हे सगळं बघत होता.

"काय चुकलं?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात वारलू मोहफुलांची टोपली घेऊन आला. त्याला झालेलं सांगितलं, तर तो टोपली खाली ठेवून परातीतल्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग पोराकडे वळला. आमच्या देवाचा वाटा असा कोणी परका खिशात घालून नेला असता तर, असं त्यानं विचारलं.

"परत नेऊन दे," वारलू म्हणाला. "आन् सिस्टर, तुले का चालत नाई ते याले आज सांग. पोट्ट्याले मालूम असतं तं असं झालं नसतं."

म्हाताऱ्याला काय आणि किती समजलं होतं कोण जाणे. पण आता टाळायला जागाच राहिली नाही. लुर्दूनं सांगितलं. चर्चच्या मते आपलं लग्न लागलेलं नाही, म्हणून मले देत नाई. सासऱ्यादेखत, एका दमात. इसरूच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं.

"नऊ वर्ष तू हे पोटात ठेवून राह्यली?" एवढंच तो म्हणाला, आणि मोटरसायकल काढली.

प्रियाला आजोबाजवळ आणि बाळंतिणीला कलाबाईजवळ ठेवून दोघं पुन्हा अठरा किलोमीटरवर अहेरीला निघाले. लुर्दूनं डबा छातीशी धरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव वर-खाली होत होता.

फादर कुरियाकोसनी डबा उघडला, बघितलं, गुडघा टेकला. ती भाकर उचलून त्यांनी स्वतः खाल्ली, पान आणि रुमाल पाण्यात धुतले आणि ते पाणी कोणाचा पाय पडणार नाही अशा झाडाच्या बुंध्याशी ओतलं. इसरू मान खाली घालून उभा होता. फादर त्याला म्हणाले की चूक तुझी नाही, देणाऱ्यानं बघायला पाहिजे होतं, आणि तुझ्या मनात काय होतं ते मला कळलं. इसरू म्हणाला, तो तिचा वाटा होता.

"तिचाच आहे," फादर म्हणाले. "पण असा पोचत नाही."

मग इसरूनं आपलं जुनंच म्हणणं सांगितलं. दुसरं लग्न तो लावणार नाही. बापानं लावलेलं खरं होतं. ते खोटं ठरवून तो कुठेच उभा राहणार नाही, मग बायको राहो की जावो. लुर्दूनं डोळे मिटले. तेव्हा फादरांनी दुसरी वाट सांगितली. बिशप एका कागदानं ते पहिलंच लग्न मुळापासून मान्य करू शकतात. पुन्हा उभं राहायला नको, पुन्हा शब्द द्यायला नको. त्या दिवशी दोघांनी दिलेला शब्द खरा होता आणि आजही टिकून आहे, एवढं मात्र असायला हवं. लुर्दूनं आपला धर्म सांभाळीन आणि मुलीला त्यात वाढवायला माझ्या परीनं सगळं करीन असं वचन द्यायचं, आणि इसरूला ते माहीत असायला हवं. इसरू म्हणाला, पोरीले शिकव न, मी कुठी अडवलो? पुढच्या शनिवारी येऊन कागद भरायचं ठरलं.

परतताना इसरू शीळ घालत होता. त्याच्या बापानं लावलेलं लग्न बिशप मान्य करणार होते, त्याच्या दृष्टीनं देवांचा देवांशी व्यवहार झाला होता. आणि लुर्दू पाठीमागे बसून रिकाम्या डब्याचं झाकण काढत होती, पुन्हा लावत होती.

कारण लग्नाच्या दिवशी दिलेला तिचा शब्द खरा नव्हता.

हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही फारसं नाही. हळद लागलेल्या अंगानं ती वारलूसमोर बसली होती आणि मनात होतं, जमलं तर जमलं. लग्नाच्या पंधरा दिवस आधी तिनं बल्लारपूरकडे बदलीचा अर्ज टाकला होता आणि तो मागे घेतला नव्हता. इसरू आवडत होता, खूप आवडत होता. पण जंगलातलं गाव, भुमकाचं घर, आई बोलत नाही. हे सगळं जन्मभराचं आहे असं तिनं मानलंच नव्हतं. जड झालं की निघायचं, अशी एक खिडकी तिनं उघडी ठेवली होती.

तो आठवडा तिला कुठे बसवेना. पोरांना लस देताना ती दोनदा वजन लिहायला विसरली. भाताला मीठ दोनदा पडलं. खरं सांगावं तर तो कागद गेला, आणि उभं राहायला इसरू तयार नाही, म्हणजे कम्युनियन कायमची गेली. वर नवऱ्याला कळणार की लग्नाच्या दिवशी बायको अर्धीच आली होती. हो म्हणावं तर सगळं सुरळीत. एक शब्द. कोण तपासायला जातंय? पण मग त्या खोट्या शब्दावर जाऊन जे तोंडात घ्यायचं ते काय असणार होतं? तिला स्वतःचा संताप आला, फादरांचा आला, ज्यानं कोणी हे प्रश्न लिहून ठेवले त्याचा आला, आणि सगळ्यात जास्त शीळ घालणाऱ्या इसरूचा आला.

शनिवारी फादरांच्या खोलीत पंखा करकरत होता. फादरांनी चष्मा लावला आणि इसरूला विचारलं, लग्नाच्या दिवशी जन्मभर सोबत राहायचं ठरवूनच हो म्हटलं होतं का?

"हो," इसरू म्हणाला. विचारायचं काय त्यात, असा त्याचा चेहरा होता.

फादर तिच्याकडे वळले. लुर्दूनं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"नाई, फादर," ती म्हणाली. "मी बदलीचा अर्ज टाकला होता. नाई जमलं तं जाईन, असं ठरवून बसली होती."

फादरांनी पेन खाली ठेवलं. इसरूकडे बघायची तिची छाती झाली नाही. फादरांनी हळूच विचारलं की नंतर तरी मन पक्कं झालं का. झालं, ती म्हणाली. मग तसं लिहिता येईल, फादर म्हणाले, पण साधारण केव्हापासून ते सांगावं लागेल. बदली आली ती नाकारली का? नाकारली, तिसऱ्या वर्षी. मग तेव्हापासून लिहू?

तिला हो म्हणता आलं असतं.

"तेव्हा पोटात पोरगी होती म्हणून नाकारली," ती म्हणाली. "याच्यासाठी नाई. याच्यासाठी कधी झालं ते मलेच मालूम नाई, फादर. दिवस सापडून नाई राह्यला. पण आता हाय. आता पुरं हाय."

मग इसरू खुर्चीत पुढे सरकला.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

लुर्दूनं मान वर केली. तो तिच्याकडे नाही, फादरांकडे बघून बोलत होता.

"दोन वर्ष ते 'तुमच्या घरी' म्हणे, फादर. 'आपल्या घरी' नाई म्हणे. मी म्हटलो, राहू दे. डोंग्यात नवीन माणूस बसला की तो काठच धरून बसते. त्याले बोलाचं नसते."

फादर म्हणाले की मग दिवसाशिवाय हा कागद असा होणार नाही, आणि इसरूभाऊ, तुम्ही दुसऱ्यांदा उभे राहणार नाही हेही मला माहीत आहे, त्यामुळे बिशपांना विचारून बघावं लागेल, वेळ लागेल. लुर्दू उठायला लागली. पर्स, पिशवी, चप्पल, काय घ्यायचं ते तिला सुचत नव्हतं.

"बस," इसरू म्हणाला. तिनं ऐकलं नाही, म्हणून त्यानं तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं.

"दुसऱ्यांदा नाई म्हटलो मी, ते माझं," तो फादरांना म्हणाला. "माझं लगीन नऊ वर्षांमाघं लागलं. पुरं लागलं. तिचं लागाचंच राह्यलं हाय. तिचं लागत असन, तं मी उभा राहतो."